बेलसऱ्यांची गोष्ट मी कशी सांगत आलो

मशीन बंद पडलं की मिस्त्रीला बोलावतात. ते बंद पडू नये म्हणून काय करावं, हे मॅनेजर लोकांना शिकवायला मला बोलावत. अकोला आणि अमरावतीच्या एमआयडीसीत मी आयुष्यभर हाच धंदा केला. आधी एका सूतगिरणीच्या देखभाल विभागात नोकरी होती. ती गिरणी बंद पडली तेव्हा तिची सगळी यंत्रं चालू स्थितीत होती, हे मी पुढे अभिमानाने सांगत असे. त्यानंतर स्वतःचे वर्ग काढले. डाळ मिल, तेलाच्या गिरण्या, कापसातली सरकी काढणारं जिनिंग, पाइपांचे कारखाने, सगळीकडचे मॅनेजर यायचे. दोन दिवसांचा वर्ग, दुपारचं जेवण, शेवटी प्रमाणपत्र आणि एक फोटो.

यात शिकवण्यासारखं काय आहे, असं माझ्या घरच्यांनाही वाटे. तेल द्या, ग्रीस द्या, नट आवळा. पण ते मिस्त्रीला येतंच. कुठलंही यंत्र बंद पडण्याआधी काही दिवस सांगत असतं. गरम होतं, थरथरतं, आवाज बदलतो, कधी जळका वास येतो. तिथे काम करणाऱ्याला ते कळतंही. पण चालू यंत्र थांबवण्याचा हुकूम मॅनेजरने द्यायचा असतो. दारात ट्रक उभे आहेत, शेठ फोनवर आहेत, माल आजच जायचा आहे, अशा वेळी चांगलं चालणारं यंत्र 'थांबवा' म्हणायला छाती लागते. ती छाती मॅनेजरमध्ये कशी आणायची, हा माझा विषय होता.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार भेटली. एका जिनिंगच्या शेठजींनी प्रत्येक यंत्राला लिंबू-मिरची बांधली होती. दर शनिवारी ती बदलायला खास माणूस होता आणि तो कधी चुकत नसे. तेलपाण्याचं मात्र कोणाच्या लक्षात राहत नसे. मी लिंबू-मिरचीला हात लावला नाही. फक्त त्या माणसाच्या हातात तेलाची कुपी दिली आणि म्हटलं, लिंबू बांधलं की खाली दोन थेंब सोडायचे. ते जिनिंग सुधारलं. दुसरे एक मॅनेजर सगळे सुटे भाग कपाटात कुलूपबंद ठेवत. ते मोर्शीला भाच्याच्या लग्नाला गेले आणि इकडे मिल बसली. वर्गात ते मोठ्या ऐटीत म्हणाले, "माह्याबगर मिल चालतच नाही सर. चावी माह्या कंबरेले असते." मी म्हटलं, "मग मिलची नाडी पण तुमच्या कंबरेलाच." वर्ग खूप हसला. मला वर्ग हसवायला आवडायचं. ही आवड पुढे मला कुठे घेऊन गेली, ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

या धंद्यातलं एक दुखणं बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. यंत्र मोडलं आणि कोणी घामाघूम होऊन ते चालू करून दिलं, की त्याची वाहवा होते. ज्याचं यंत्र वर्षभर मोडलंच नाही, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. जे घडलंच नाही त्याबद्दल शाबासकी कशी द्यायची? याच्यावर मी एक तोड काढली होती आणि तिचा मला फार गर्व होता.

खंडेनवमीला आमच्याकडची झाडून सगळी यंत्रं बंद असतात. धुऊन पुसून त्यांना हळदकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात, नारळ फोडतात. पूजेला मालक आणि मालकीणबाई बसतात, कामगार हात जोडून मागे उभे राहतात. अकोल्याच्या एका मोठ्या डाळ मिलमध्ये मी वर्ग घेत असे. तिथल्या शेठजींना मी म्हटलं, या दसऱ्यापासून पुढच्या दसऱ्यापर्यंत मिल ठरवल्याशिवाय एकदाही थांबली नाही, तर पूजेला तुम्ही बसू नका. देखभालीचा मॅनेजर आणि त्याचा फिटर, दोघांना आपापल्या बायकोसह बसवा. नारळ त्यांच्या हातून फुटू द्या.

शेठजी हसले. "मास्टरजी, इसमें मेरा क्या जाता है? एक नारळच ना!"

त्यांचं काही जाणार नव्हतं. पण माणसांसाठी ती केवढी गोष्ट होती, ते मला पुढच्या वर्षभरात दिसलं. त्या मिलमध्ये पूजेला शेठच्या घराबाहेरचं कोणी कधी बसलं नव्हतं.

देखभालीचे मॅनेजर होते मधुकर बेलसरे. शेंदूरजनाघाटचे. घरी संत्र्याची बाग, वडील भाजीपाला आणि फुलं करायचे. हा मुलगा डिप्लोमा करून अकोल्याला आला आणि माझ्या वर्गात बसला. माझ्या हाताखालून गेलेल्यांत त्याच्यासारखा दुसरा नाही, हे तेव्हाही मला ठाऊक होतं. त्यांचा फिटर नामदेव तायडे. मॅनेजर आणि फिटर असं त्यांचं नातं नव्हतंच. दोघं एका डब्यात जेवत. कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेला दोघांची घरं एकाच गाडीने जात. एकमेकांना शिव्याही मनसोक्त देत.

माझा नियम ऐकून बेलसऱ्यांनी पहिल्याच दिवशी बोट ठेवलं होतं. "सर, मशीन तुटून थांबली तं नापास, हे समजलं. पन गरम झाली म्हनून मीच टायमावर थांबवली, तरी नापासच का?"

"नियम सोपा पाहिजे बेलसरे. थांबली म्हणजे थांबली."

"मंग शहाना अन् येडा एकाच रांगेत बसवला तुमी."

सगळे हसले, मीही हसलो. नियम तसाच ठेवला.

ते वर्ष फार चांगलं गेलं. मिल एकदाही थांबली नाही. नवरात्र बसलं तेव्हा नामदेवच्या बायकोने, कुसुमबाईंनी, पूजेसाठी नवं लुगडं घेऊन ठेवलं होतं. बेलसऱ्यांच्या गावाहून झेंडूची पोती येणार होती. आणि मी? मी एमआयडीसीतल्या बाकीच्या मिलवाल्यांना पूजेचं आमंत्रण देऊन बसलो होतो. न थांबलेली मिल त्यांना दाखवायची आणि त्यांचे वर्ग मिळवायचे, असा माझा बेत होता. त्यासाठी भाषणही तयार केलं होतं.

खंडेनवमीच्या दोनच दिवस आधी तयारी पाहायला मी मिलमध्ये गेलो. बेलसरे मला एलेव्हेटरवर घेऊन गेले. डाळ मिलमध्ये धान्य वर चढवायला पत्र्याचा एक उंच, उभा चौकोनी नळ असतो. त्यात पट्ट्याला लावलेल्या छोट्या बादल्या फिरत असतात, त्यालाच एलेव्हेटर म्हणतात. त्याच्या माथ्यावर पट्टा फिरवणारी मोठी पुली, आणि पुलीच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी बेअरिंग. आम्ही माथ्यावरच्या माचावर उभे होतो. खालचा आवाज इतका, की आमचं बोलणं आमच्या दोघांशिवाय कोणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

"सर, हात ठेवून पाहा."

मी बेअरिंगच्या लोखंडी घरावर तळवा ठेवला आणि लगेच उचलला. तळवा ठेववत नसेल तर यंत्र थांबवा, हा माझ्या वर्गातला पहिला धडा.

"कवापासून?"

"कालपासून. आवाज बी बदलून राहिला. बंद करतो म्हन्तो मी. अर्ध्या दिवसाचं काम हाय."

मी खाली पाहिलं. अंगणात मांडव घालणं चाललं होतं. नामदेव एका जाळीला पिवळा रंग देत होता.

"बेलसरे, परवा सगळं बंदच राहनार हाय. तवाच बदलून टाका. तोवर ग्रीस देत राहा."

"चालू मशीनवर?"

"नामदेवले सवय हाय. देईल तो."

बेलसऱ्यांनी खाली मांडवाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुमी म्हन्ता तं ठीक हाय सर. मले बी पाहाचं हाय कुसुमवहिनीले पूजेले बसलेली."

दुसऱ्या दिवशी, अष्टमीच्या दुपारी, नामदेव ग्रीसची बंदूक घेऊन वर चढला. ग्रीस देण्याच्या तोंडाशी पोचायला पुलीपुढची जाळी काढावी लागे. बेअरिंग जाम झालं, दांड्याने झटका खाल्ला, पट्टा सरकला आणि नामदेवची बाही आत ओढली गेली. उजवा हात कोपराखाली तुटून गेला. फोन आला तेव्हा मी अमरावतीला घरी आरशापुढे भाषण म्हणून पाहत होतो.

त्याच संध्याकाळी शेठजींनी ऑफिसात सगळ्यांना बोलावलं. खिडकीशी कामगार उभे होते. कुसुमबाईंचा भाऊ आत बसला होता. शेठजींनी बेलसऱ्यांना विचारलं, बेअरिंग गरम होतं हे माहीत होतं का? बेलसरे म्हणाले, हो. मग थांबवलं का नाही?

"सरांले इचारा. मी बंद करतो म्हनलं होतं. सरांनीच सांगतलं, खंडेनवमीपर्यंत ग्रीस देत राहा."

सगळे माझ्याकडे वळले. शेठजी म्हणाले, "मास्टरजी, आपने ऐसा बोला?"

घरी मी वऱ्हाडीच बोलतो. आदल्या दिवशी त्या माचावरही माझ्या तोंडी तीच होती. ऑफिसात मात्र मी शुद्ध पुस्तकी मराठीत उत्तर दिलं. "तळवा ठेववत नसेल तर यंत्र तत्काळ थांबवावे, हे मी प्रत्येक वर्गात पहिल्या दिवशी शिकवतो. इथल्या कोणालाही विचारा."

"वर्गातलं नाही इचारत सर," बेलसरे म्हणाले. "वर, माचावर. तुमी हात ठेवला होता. तुमी काय म्हनले?"

"असं काही बोलल्याचं मला स्मरत नाही."

खिडकीतून कोणी तरी बोललं, "पाहा ना, आता सरांवर ढकलून राहिला." मी त्या माणसाकडे पाहिलं नाही, बेलसऱ्यांकडेही नाही. समोर टेबलावर शेठजींची पानाची डबी होती, तिच्याकडे पाहत राहिलो. बेलसऱ्यांना त्याच दिवशी घरी पाठवलं. मिलमध्ये, आणि हळूहळू एमआयडीसीत, ते दोन गोष्टींसाठी ओळखले जाऊ लागले: नारळाच्या हौशीपायी मशीन चालू ठेवलं, आणि अंगाशी आल्यावर गुरूचं नाव घेतलं. अकोल्यात त्यांना पुन्हा काम मिळालं नाही. नामदेवला मिलने फाटकावर वॉचमन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी फळं घेऊन मी दवाखान्यात गेलो. माझ्या आधी बेलसरे येऊन गेले होते. कुसुमबाईंनी त्यांना आत येऊ दिलं नाही. ते त्यांनी मला स्वतःच सांगितलं. "म्या म्हनलं, एका नारळासाठी माह्या मानसाचा हात घेतला, अन् वरून सरांचं नाव घेता? लाज नाई वाटत?" आणि मला त्यांनी बसायला खुर्ची दिली. मी बसलो.

इतकं करून मी गप्प बसलो असतो, तरी त्याला भित्रेपणा म्हणून भागलं असतं. मी गप्प बसलो नाही. मॅनेजर लोकांना शिकवताना गोष्टी लागतात. नुसते नियम सांगितले तर जेवणानंतर अर्धा वर्ग पेंगतो. काही महिन्यांनी एका वर्गात मी ही घटना सांगून पाहिली. नावं नव्हती, एक मिल, एक मॅनेजर, एवढंच. गरम बेअरिंग, मानाचा नारळ, हातची वेळ घालवणारा मॅनेजर. वर्ग चिडीचूप झाला. मला जाणवलं की ही गोष्ट चालते. पुढच्या वर्गात ती जरा घोटून सांगितली. त्याच्या पुढच्या वर्गात शेवटी चौकशीचा प्रसंग जोडला: मॅनेजर उभा आहे, सगळे त्याच्याकडे पाहताहेत, आणि तो बोट दाखवून म्हणतो, "सरांनीच सांगतलं!" हे वाक्य मी रडक्या आवाजात, वऱ्हाडी हेल काढून म्हणत असे. इथे वर्ग खदखदून हसे. हशा ओसरला की मी गंभीर होऊन म्हणे, "चूक प्रत्येकाकडून होते. ती दुसऱ्यावर ढकलतो त्याला पुढारपण करता येत नाही."

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं सांगितली. लोक ती ऐकायला मागत. "सर, ते नारळवालं झालं नाही अजून." सांगता सांगता मला ती खरी वाटू लागली होती, असं म्हणून सुटता आलं असतं तर बरं झालं असतं. पण ती मला कधीच खरी वाटली नाही. प्रत्येक वेळी 'सरांनीच सांगतलं' म्हणताना तळव्याला तो चटका आठवायचा, आणि तरी मी म्हणायचो.

गेल्या वर्षीचा माझा शेवटचा वर्ग अमरावतीला झाला. वरूड भागात आता संत्री धुऊन, मेण लावून, आकाराप्रमाणे वेगळी करणारी केंद्रं झाली आहेत. त्यांची यंत्रं बघणारे काही जण त्या वर्गात होते. भिंतीवर चित्रं दाखवायची म्हणून दिवे घालवले होते. एसटी उशिरा पोचल्याने दोघं-तिघं नंतर येऊन मागे बसले. मी माझ्या गोष्टीच्या रंगात होतो. नक्कल झाली, हशा झाला.

मागून एक शांत आवाज आला. "सर, त्या मॅनेजरनं खोटंच सांगतलं, हे कसं समजलं?"

"चौकशीत सिद्ध झालं."

"चौकशीत कोनं सांगतलं, तो खोटा हाय म्हनून?"

मी कोणाला तरी दिवे लावायला सांगितलं. मागच्या बाकावर बेलसरे बसले होते. केस पूर्ण पांढरे, चेहरा वाळलेला, डोळे तेच. बाकी वर्ग उत्तराची वाट पाहत होता. तीस-चाळीस वर्षांची तरणीताठी पोरं, उद्या कुठे तरी कोणाच्या तरी हातापायाचा निर्णय घेणारी. खरं सांगायला याहून चांगली जागा मला आयुष्यात मिळाली नसती. मी घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, "चला, चहा घेऊ."

चहाला ते माझ्याजवळ आले. हातात दोन कप होते. एक मला दिला.

"नक्कल चांगली करता सर. पन तवा मी एवढा रडून नोतो बोललो."

"बेलसरे..."

"सगळीकडंच हासतात का?"

मी म्हटलं, "हो."

"हं." त्यांनी चहा संपवला, कप नीट टेबलावर ठेवला. "येतो. मोर्शीची गाडी हाय आता." आणि गेले. प्रमाणपत्रासाठी थांबले नाहीत.

उरलेल्या वेळात मी थरथर कशी मोजायची ते शिकवलं. दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्रं वाटली, फोटो काढला. वर्गाला एक शब्द सांगितला नाही. त्यानंतर गुडघ्यांचं कारण सांगून वर्ग बंद केले.

थंडीत एकदा शेंदूरजनाघाटला गेलो. बेलसरे आता गावच्याच संत्र्याच्या केंद्रात यंत्रं बघत. केंद्राच्या दारात क्रेट उतरत होते. बेलसरे पट्ट्यापाशी उभे होते. मी पोचलो तेव्हाच त्यांनी हात वर करून सगळं थांबवलं. एक व्यापारी ओरडत आला, "अबे काय झालं? गाडी भरून राहिली ना माही!"

"रोलर कुरकुर करून राहिला."

"करू द्या ना कुरकुर! माही बायको रोज करते, म्या थांबतो का?"

"म्हनूनच तं हे हाल हायेत तुमचे," बेलसरे म्हणाले आणि पोरांना झाकण उघडायला सांगितलं. सगळे हसले, व्यापारीही हसला आणि क्रेटवर बसून राहिला.

मला पाहून त्यांनी नमस्कार केला. आम्ही बाहेर जाऊन बसलो. मी म्हटलं, माफी मागायला आलो आहे. दिवाळी अंकात सगळं खरं लिहिणार आहे, माझ्या नावानिशी.

"लिहा ना. पन नामदेव दिवाळी अंक वाचत नाई सर." ते एक संत्रं हातात फिरवत होते. "मले शेठजीचं काई नाई. तुमच्या वर्गाचं बी नाई, हासू द्या त्याईले. पन नामदेवच्या मनात मी कोन हाय, सांगा बरं? त्याच्या हाताचं दुःख मले बी हाय. पन तो समजून राहिला का मी त्याच्या हातापेक्षा नारळ मोठा समजलो. अन् मंग खोटं बोललो. इतक्या वर्षांत एक दिवस बोलला नाई तो माह्याशी. त्याच्यापुढं जाऊन बोला. मंग लिहा काय लिहाचं ते."

"तुम्ही येता माझ्यासोबत?"

"मी कशाले? मी माहं तवाच सांगतलं."

तिथून निघताना उद्याच अकोल्याला जाईन असं ठरवलं होतं. गेलो उन्हाळ्यात. मधले महिने नुसता घरात बसून राहिलो. या वयातही अपमानाची भीती वाटते, आणि तीही कोणाकडून, तर फाटकावर मला सलाम करणाऱ्या माणसाकडून.

नामदेव आता घरीच असतो. जुन्या अकोल्यातल्या एका अरुंद गल्लीत दोन खोल्या. त्याने मला लगेच ओळखलं. "या या सर! कुसुम, पाहा कोन आलं." कुसुमबाईंनी पदराने खुर्ची पुसून पुढे केली. मी उभाच राहिलो आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. माच, बेअरिंग, माझा तळवा, बेलसऱ्यांचा प्रश्न, माझं उत्तर. माझ्याच भाषेत सांगितलं, पुस्तकी नाही. ऑफिसात मी खोटं बोललो हेही सांगितलं, आणि वर्गातल्या नकलेबद्दलही.

नामदेवने डाव्या हाताने टीव्ही बंद केला.

"तुमी म्हनले? चालू मशीनवर द्या म्हनून?"

"हो."

"माहं नाव घेतलं?"

"घेतलं."

"अन् तो बंद करतो म्हनत होता."

"हो. अर्ध्या दिवसाचं काम हाय म्हनला."

मला वाटलं, आता तो माझ्यावर ओरडेल. मी त्याची तयारी करून गेलो होतो. पण तो माझ्याशी बोलतच नव्हता. कुसुमबाईंकडे पाहून म्हणाला, "आयकलं का? तो बंद करतो म्हनत होता." त्या भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. "आयकलं," त्या म्हणाल्या. मग स्वतःशीच बोलल्यागत, "म्या त्याले दारातून हाकललं. अन् याईले खुर्ची देल्ली."

मी काही तरी बोलू लागलो. नामदेवने हात वर केला, तसा मी थांबलो.

"शेंदूरजन्याले गाडी कुठून लागते?"

"अमरावतीहून. मोर्शी, वरूड करत जाते. नामदेवभाऊ, माझी गाडी बाहेर आहे. मी नेऊन सोडतो."

"नाई. तुमी नका येऊ."

तो आवाज रागाचा नव्हता. एखादं काम कोणाचं आहे ते ठरवून टाकावं, तसा होता. कुसुमबाई उठल्या. आतून त्याचा इस्त्रीचा सदरा आणला आणि त्याच्या अंगात घातला. बटणं लावू लागल्या. तो म्हणाला, "तू बी चाल. तुले बी बोलाचं हाय त्याच्याशी." त्या म्हणाल्या, "चालतोच हाय. मी काय इथं बसतो?" चूल विझवली, एका पिशवीत कपडे भरले, दाराला कुलूप लावलं. या सगळ्या वेळात मी बाहेर येऊन ओट्याखाली उभा होतो. त्यांनी मला जा असंही म्हटलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी त्यांनी ऑटो थांबवला. शेजारची म्हातारी दारात तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, "काऊन हो नामदेवभाऊ, भर उन्हाचं कुठं निंगाले?"

"शेंदूरजन्याले. बेलसऱ्याकडं."

"कोन बेलसरे?"

नामदेव ऑटोत बसला, पिशवी मांडीवर घेतली. "दोस्त हाय माहा," तो म्हणाला.